वाळूचं पोतं

१४ जून

ताई,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्र फाडायचं झालं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

पत्राच्या सुरुवातीला समोरच्याची तब्येत विचारायची असते. मी विचारत नाही. माझी सांगते. मला सातवा लागलाय. तुला हे नवीन नसणार. मी खुर्च्या दुरुस्त करते त्या दुकानाचे मालक लाकूड घ्यायला तुमच्या बाजारात आले होते, त्यांनी भाऊजींना सांगितलं, आणि भाऊजींच्या तोंडात तीळ भिजत नाही. तरी माझ्या हातचं कळावं म्हणून लिहिलं.

आम्ही नवीन जागा घेतली आहे भाड्याने. दोन खोल्या, एक मोरी. घरमालक म्हणाला होता, 'किरकोळ डागडुजी आहे.' आतल्या खोलीचा दरवाजा फरशीला घासतो, खिडकीची कडी तारेने बांधलेली, नळ रात्रंदिवस गळतो आणि पलंगामागच्या भिंतीचा पोपडा हाताएवढा सुटलाय. एवढ्याला किरकोळ म्हणणारा माणूस स्वतः कशा घरात राहत असेल कोण जाणे. दरवाजा उतरवून खालून रंधा मारला. नळाला वायसर घातला. भिंत खरवडायची आहे, पण वर हात केला की पोटाला ओढ लागते, म्हणून तेवढं राहिलंय.

आमचे हे मदत करतात. म्हणजे समोर उभे राहतात. छापखान्यात आयुष्य गेलं त्यांचं, उलटं अक्षर सरळ वाचतात, पण खिळा सरळ ठोकता येत नाही. परवा आरसा लावायला घेतला तर चार खिळे वाकवले आणि म्हणाले, भिंतच वाकडी आहे. तू असतीस तर हसली असतीस. चार वर्षांपूर्वीची तू.

कामाचं बोलते. मला पाळणा हवाय.

अण्णांनी तुझ्या जन्माच्या वेळी केलेला तो. दोन खांब, खाली दोन बैठका, मध्ये लटकणारी कठड्याची पेटी. त्यात तू झोपलीस, मग मी, मग तुझा टिल्लू. टिल्लू अठरा दिवस. एकोणिसाव्या दिवशी पाळणा कोसळला, पोर डोक्यावर पडलं, आणि आज चार वर्षांचा झाला तरी त्याला डाव्या हाताची मूठ वळता येत नाही. त्याच्या आधी त्या पाळण्याची दुरुस्ती मी केली होती. हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि ज्यांना माहीत नव्हतं त्यांना तू घरोघरी जाऊन सांगितलंस.

तो माळ्यावर पडून आहे. तुला लागत नाही. अण्णा गेले, त्यांच्या घरात तू राहतेस, सुतारकामाच्या दुकानाच्या जागेत भाऊजी गाडी लावतात, त्यातलं मी काही मागितलं नाही. हा एक मागते. ट्रकने पाठव.

धाकटी


३ जुलै

ताई,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, दोन ओळी. 'पाळण्याला तू परत हात लावायचा नाहीस. एकदा लावलास तेवढा पुरे झाला.' अक्षर मात्र अजून तसंच, मोत्याचे दाणे. शाळेत तुझ्या अक्षरावरून मी किती बोलणी खाल्ली असतील.

ठीक आहे, मग आता मीही स्पष्टच लिहिते.

तो पाळणा कोसळल्यावर तुझ्या डोळ्यांनी तू पाहिलास का? नाही. तू पोराला उचललंस आणि अनवाणी दवाखान्याकडे धावलीस. मी पाहिला का? मी दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर बसून होते, आत तू येऊ देत नव्हतीस. घरी होते अण्णा एकटे. तीन आठवड्यांनी तू टिल्लूला घरी आणलंस तोवर त्यांनी पाळणा होता तसा गोणपाटात गुंडाळून, दाभणाने शिवून माळ्यावर टाकला होता. विचारलं तर एवढंच म्हणाले, 'सांधा सुटला.' कुठला सांधा, ते कुणी विचारलंच नाही. अण्णांच्या दुकानाचा कायदा आपल्याला तोंडपाठ होता, शेवटचा हात ज्याचा, दोष त्याचा. गिऱ्हाइकाची खुर्ची मोडली की ती आधी कुणी कितीदा दुरुस्त केली हे अण्णा बघायचेच नाहीत. शेवटी कुणी हात लावला, तो पुढे या. शेवटचा हात माझा होता. मी पुढे आले.

पण मी काम चोख केलं होतं. उजव्या खांबाची कूस, बैठकीच्या खाचेत बसणारं ते टोक, चिरली होती, ती काढून नवीन लाकडाची बसवली. सरस दोन दिवस वाळू दिला. मग वाळूचं पोतं लटकवलं. तुला सांगायला नको, तरी लिहिते, म्हणजे कागदावर राहील. वजन पेलणारी कुठलीही वस्तू, खुर्ची असो की झोपाळा, माणसाच्या वजनाचं ते पोतं तीन दिवस अंगावर घेतल्याशिवाय अण्णांच्या दुकानातून बाहेर पडली नाही. तूच मला विचारलं होतंस, टिल्लूला खांद्यावर घेऊन दारात उभी राहून, 'पोतं लटकवलंस ना गं?' मी म्हटलं, 'हो, तीन दिवस.' आजही तेच म्हणते.

तुला वाटत असेल, हिला पाळण्याचा एवढा सोस का. सांगते. मला तो वापरायचा नाहीये. मला तो बघायचाय.

गेली चार वर्षं मी दुसऱ्यांच्या खुर्च्या दुरुस्त करते. एक खुर्ची झाली की ती उघडते, परत जोडते, परत उघडते. मालक म्हणतात, 'बाई, तुम्ही खुर्ची दुरुस्त करता की तिची उलटतपासणी घेता?' दुकानातले हसतात, मीही हसते. पण आता स्वतःच्या पोरासाठी पाळणा करायला घेतलाय. जुन्या सागवानी पलंगाचं लाकूड मिळालं, सुरेख आहे. तीन वेळा जोडला आणि तीन वेळा सोडवला. यांनी विचारलं, 'अगं, काय वाईट होतं त्यात?' काहीच वाईट नव्हतं. पण त्यात माझं मूल ठेवायचंय आणि तो सांधा माझ्या हातचा आहे, एवढं मनात आलं की मला ठेववणार नाही. यांना म्हटलं, आपण जमिनीवर गादी घालू. ते म्हणाले, 'आणि पोर चालायला लागलं, तुझ्या हातच्या खुर्चीवर चढलं, मग?'

म्हणून बघायचाय. सुटलेला सांधा माझा असेल तर मी हत्यारं पेटीत घालून ठेवते, कायमची. दुसरं काहीतरी करेन, पापड लाटेन. पण मला कळायला हवं. तुला कळायला नको का? की तुला आधीच कळलंय असं तू ठरवून टाकलंयस?

धाकटी


३१ जुलै

ताई,

पाळणा आला. चिठ्ठी नाही, काही नाही, नुसता पाळणा. तरी पाठवलास. तुझ्या मनात नेमकं काय आलं, ते तुलाच ठाऊक.

आठ दिवस तो भिंतीला टेकून उभा होता. मी त्याच्याकडे पाठ करून जेवायची. आमचे हे आंघोळीनंतर त्याच्यावर ओला टॉवेल टाकायचे, मला चीड यायची, पण तो उचलायलाही मी पाळण्याजवळ जात नव्हते. काल शेवटी मला सुट्टी होती, हे छापखान्यात गेले, आणि मी शिवण उसवायला बसले. अण्णांचेच टाके, सुतळी दुहेरी, दर चार बोटांवर गाठ. प्रेत बांधतात तसं बांधलं होतं त्यांनी.

नीट वाच आता, खुर्चीवर बसून वाच.

उजवा खांब बैठकीत घट्ट उभा आहे. माझी कूस जशीच्या तशी. दोन्ही हातांनी धरून, पाय रोवून, या एवढ्या पोटासकट मी तो हलवून पाहिला. तसूभर हलला नाही. चार वर्षं माळ्यावर, त्याआधी ते कोसळणं, आणि त्याला काही झालेलं नाही.

सुटलाय तो डावा खांब. त्याच्या बैठकीची खाच आतून किडीने पोखरलेली आहे, माझा अंगठा जाईल एवढी पोकळ. आणि ती पोकळी भुसा आणि सरस कालवून भरलेली. वरून पॉलिश, आणि पॉलिशचा रंग असा जुळवलेला की तू नखाने खरवडलं नाहीस तर जन्मात कळायचं नाही. असा रंग जुळवणारा माणूस आपण एकच पाहिला. आपण शेजाऱ्यांना अभिमानाने सांगायचो, अण्णांनी ठिगळ लावलं की लाकडालाही कळत नाही.

म्हणजे त्यांना माहीत होतं. तुझे दिवस भरत आल्यावर पाळणा माळ्यावरून काढला, तेव्हा कीड दिसली असणार. नवीन बैठक करायची तर आठवडा गेला असता. भुसा भरला. मग मला म्हणाले, 'उजवीकडची कूस चिरलीय, तेवढी तू बघ.' मी तेवढीच बघितली. आणि कोसळल्यावर त्यांनी उचलून पाहिलं, स्वतःचा भुसा सांडलेला पाहिला, आणि शिवायला दाभण घेतलं.

ज्या दिवशी तू माझी पिशवी दाराबाहेर ठेवलीस त्या दिवशी ते ओट्यावर बसले होते. 'शेवटचा हात ज्याचा,' एवढं म्हणाले आणि विडी पेटवली. मी कोपऱ्यापर्यंत पोचले तर मागून आले आणि त्यांची लाकूड कोरायची बारीक पटाशी माझ्या पिशवीत टाकली. मला वाटलं, बाप आहे, माया आली. चार वर्षं त्या पटाशीला मी कुणाला हात लावू दिला नाही. काल ती खिडकीतून फेकणार होते, खाली माणसं होती म्हणून ठेवली.

ते गेले तेव्हा मी आले होते. तू मला पाणीसुद्धा विचारलं नाहीस. मी दारातूनच हात जोडले आणि मनात म्हटलं, अण्णा, माझं चुकलं. त्यांना म्हटलं मी ते. समजतंय का तुला?

खाचेतल्या भुशाचा एक ढेपसा कागदात बांधून पाठवते आहे. नखाने मोड, वास घे, सरस ओळखशील. आणि मग ज्या ज्या घरी माझं नाव घेतलंस त्या त्या घरी जा. सांग, माझ्या बहिणीने नाही केलं, माझ्या बापाने केलं. बघू जीभ रेटते का.

धाकटी


१८ ऑगस्ट

ताई,

तुझं पत्र आलं. चार पानं, पाठपोट. शेवटच्या पानावर अक्षर बिघडलंय, पहिल्यांदाच पाहिलं.

'चार वर्षं तुझ्या नावाने बोटं मोडली, माझं चुकलं, माझी जीभ झडली का नाही,' असलं लिहू नकोस. तुझ्या तोंडी शोभत नाही. माफ कर म्हणतेस, करायचं काय त्यात. झालं गेलं.

तू २८ तारखेला येतेस, टिल्लूला घेऊन, बाळंतपण होऊन मी उठेपर्यंत राहतेस, हे वाचून आमचे हे इतके खूश झाले की बाजारातून नवीन उशी घेऊन आले. त्यांच्या घरचं कुणी नाही, आपली आई नाही, दवाखान्यात बाईमाणूस कोण असणार या काळजीने ते माझ्याआधी बाळंत होतील असं वाटत होतं. आतल्या खोलीत तुमच्या दोघांची सोय करते. भिंत खरवडून घेतली, मालकांनी दुकानातला माणूस पाठवला. खिडकीला नवीन कडी लावली, पण ती टिल्लूच्या हाताला येईल इतकी खाली आहे, वर घ्यावी लागेल. त्याला अंडं चालतं का? अंथरुणात पाय झाडतो का? मला काहीच माहीत नाही त्याच्याबद्दल.

पाळणाही पुरा झाला. नवीन, पलंगाच्या लाकडाचा. चौथ्यांदा जोडला तो सोडवला नाही. आता त्याला वजन लावून बघायचं तेवढं राहिलंय. वाळू सांगितली आहे.

बाकी काही नाही. बसमधून उतरलीस की थेट रिक्षा कर, चालत येऊ नकोस.

धाकटी


२२ ऑगस्ट

ताई,

आधीचं पत्र पोचलं असेल. ते जरा आखडूनच लिहिलं होतं, तुला जाणवलं असेल. तुझ्या चार पानांना मी अंड्याचं विचारलं. कारण मला दुसरं काही लिहिता येत नव्हतं. आता लिहिते.

परवा वाळू आली. मालकांची दोन माणसं घेऊन आली, पोत्यात भरली, आणि नव्या पाळण्याच्या पेटीत ठेवून गेली. मी स्टूल घेऊन समोर बसले. खांब किंचित करकरला आणि बसला. उजवाही बसला आणि डावाही. दोघांवर सारखं वजन. मी ते बघत राहिले आणि स्टुलावरून उतरून खाली फरशीवर बसले. यांना वाटलं कळा सुरू झाल्या.

मी पोतं लटकवलं नव्हतं, ताई.

एक दिवससुद्धा नाही. अण्णा त्या आठवड्यात लाकूड बघायला बाहेरगावी होते. सरस वाळला, मी सांधा हाताने दाबून बघितला, घट्ट होता. आणि मला यांच्याबरोबर सिनेमाला जायचं होतं. तेव्हा आमचं नवीन होतं, घरी कुणाला सांगितलं नव्हतं, तीन दिवस रोज भेटत होतो. पोतं मागच्या पडवीतून ओढत आणायचं, वर चढवायचं, म्हटलं कोण करत बसणार, माझा सांधा मला माहीत आहे. तू दारात विचारलंस, मी 'हो, तीन दिवस' म्हणाले. तोंडातून सहज निघालं. आणि तेच मी तुला ३ जुलैला परत लिहिलं. कागदावर राहील म्हणून, असंही वर लिहिलं. लाज वाटते.

सगळी वर्षं मी स्वतःला समजावत होते की, पोतं लटकवलं नाही तरी काय, सांधा चांगला असेल तर पोत्याने काय फरक पडतो. म्हणून मला पाळणा बघायचा होता. बघितला, सांधा चांगला निघाला, आणि मी तुझ्या अंगावर धावून आले. पण पोतं काय माझ्या एकट्या सांध्यासाठी असतं? ते सगळ्या पाळण्यावर बसतं. मी ते ठेवलं असतं तर डावा खांब पहिल्या तासात खाली आला असता, रिकाम्या पाळण्यासकट. भुसा जमिनीवर सांडला असता. अण्णा परत आल्यावर मी त्यांना तो दाखवला असता, त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला असता, तू आणि मी आठवडाभर हसलो असतो. टिल्लू तुझ्या खांद्यावर असता, दोन्ही मुठी आवळून.

अण्णांनी लबाडी केली हे खरंच आहे. त्यांना मी माफ करणार नाही. पण ती लबाडी पकडायलाच ते पोतं होतं, आणि ते न लटकवताच मी 'लटकवलं' म्हणाले.

यांना सांगितलं. ते म्हणाले, 'आता कशाला सांगतेस? येतेय ना ती? कुणाचं भलं होणार आहे?' त्यांचं बरोबर आहे. मला तू हवी आहेस. मला भीती वाटते, ताई, हे मी यांनाही बोलले नाही. पण तू इथे येशील, माझ्या बाळाला न्हाऊ घालशील, टिल्लू शेजारी बसून एका हाताने डब्याचं झाकण उघडायला बघत असेल, आणि तू मला दिवसातून दहा वेळा म्हणशील, 'माझं चुकलं गं.' ते मला ऐकवणार नाही.

हे पत्र तुला २५ पर्यंत मिळेल. तिकीट परत करायला तीन दिवस आहेत.

धाकटी


६ सप्टेंबर

ताई,

२८ ला हे बसस्टँडवर गेले होते. मी जाऊ नका म्हटलं होतं, तरी गेले. दोन बस बघून परत आले आणि गुपचूप नवीन उशी कपाटावर ठेवून दिली. नवव्याचे दिवस मोजत दोघं राहिलो.

काल तुझं पत्र आलं. शिव्या असतील म्हणून मी ते मोरीत जाऊन उघडलं. त्यात शिव्या नाहीत. तू जे लिहिलंयस ते मी इथे उतरवून काढते, कारण दहा वेळा वाचूनही मला ते नीट दिसत नाहीये.

'तू पोतं लटकवलं नव्हतंस हे मला त्या दिवशीच माहीत होतं. पोतं रिकामं होतं. आदल्या आठवड्यात ह्यांनी त्यातली वाळू मोरीच्या फरशीला वापरली होती आणि रिकामं पोतं मीच धुऊन दोरीवर टाकलं होतं. तू हो, तीन दिवस म्हणालीस तेव्हा मला हसू आलं. म्हटलं, बाईसाहेब फिरून आलेल्या दिसतात. तुला तिथेच पकडणार होते. पण टिल्लू सकाळपासून रडत होता, माझा खांदा भरून आला होता आणि मला तासभर झोपायचं होतं. मी त्याला पाळण्यात ठेवलं. आणि नंतर पाळण्याला काही झालं नाही म्हणून रोज ठेवत राहिले.'

मला राग आला का, असं विचारतेस. आला. काल दिवसभर आला. चार वर्षं मी समजत होते की तू माझ्यावर जळतेस, आणि तू जळत होतीस भलतीकडे, मी नुसती सरपणाला होते. माझी पिशवी दाराबाहेर ठेवताना तुला माहीत होतं. अण्णांना माहीत होतं. मला माहीत होतं. तिघांनाही आपापलं माहीत होतं आणि तिघंही एकमेकांकडे बोट दाखवून किंवा तोंड मिटून बसलो. घराणंच असं आहे आपलं, ठिगळ लावण्यात हातखंडा.

रात्री राग गेला. आज सकाळी परत आला. येत-जात राहील, त्याला मी काही करू शकत नाही.

पण तू शेवटी जे विचारलंयस त्याचं उत्तर देते. टिल्लू आता हाताबद्दल विचारतो. इतके दिवस तू त्याला सांगितलंस, मावशीने पाळणा नीट केला नव्हता म्हणून तू पडलास. आता तू लिहितेस, 'त्याला खरं सांगून टाकते. सगळं, माझ्यासकट. त्याशिवाय तुझ्या दारात पाय ठेवणार नाही.'

सांगू नकोस.

तो चार वर्षांचा आहे. ताप आला की तो कुणाच्या कुशीत शिरतो? शाळेत पोरं हातावरून चिडवतील तेव्हा कुणाकडे येऊन रडेल? त्याला आत्ता कळलं की आईला माहीत होतं आणि तरी आईने ठेवलं, तर तो रडायला कुठे जाईल ते मला सांग. माय मरो आणि मावशी जगो म्हणतात. म्हणणाऱ्यांचं म्हणू दे. मावशीवाचून पोराचं काही अडत नाही. त्याचं चार वर्षं अडलेलं नाही.

हे तुझ्यावर उपकार म्हणून करत नाहीये, आणि तुला सगळं माफ केलंय असंही समजू नकोस. तो जे ऐकून आहे त्यातलं अर्धं खरंच आहे. मोठा होऊ दे, मिसरूड फुटू दे, मग आपण दोघी त्याच्यासमोर बसू आणि उरलेलं अर्धं सांगू. तेव्हा तो आपल्याला काय करायचं ते करेल.

तू ये. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता कधीही. माझे पाय सुजलेत, चपला पायात जात नाहीत, यांच्या घालून फिरते. टिल्लूला आण, त्याला शेजाऱ्यांकडे ठेवून येऊ नकोस. माझ्याजवळ यायला तो घाबरला तर त्याला ओढू नकोस, 'मावशी चांगली आहे रे' वगैरे काही बोलू नकोस. मी आतल्या खोलीत राहीन आणि तो बाहेर खेळताना दारातून बघेन.

धाकटी